तिखट कानाचे मिस्त्री

“गाडीला तोंड नसतं, म्हणून ती अंगाने कण्हते,” असं मिस्त्री म्हणायचे. ते कानाचे तिखट, म्हणून खडखडणाऱ्या जुन्या गाड्या लांबून त्यांच्याकडे यायच्या. त्या दिवशीही चालू इंजिनच्या पंपावर त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं आणि मूठ कानाला लावली. मग दुसऱ्या कानाला.

“ठणठणीत आहे.”

दाराशी चहा पीत उभा असलेला धाकटा भाऊ हसला. “दादा, थट्टा करतोस काय? बेअरिंग इथवर किंचाळतंय!”

गिऱ्हाइकानेही मान डोलावली.

बायको गेल्यापासून घर मुकं झालंय, असं मिस्त्री समजत होते. नळ, पंखा, दाराची कडी, सगळंच तिच्यामागे गप्प झालं होतं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर भावाच्या हातात दिला आणि ते बाहेर पडले.