चांदीचे पिवळे पाणी

माझ्या धाकट्या नणंदेने आयुष्यात कोणतीही गोष्ट चिमूटभर, अंमळ किंवा अंदाजाने केलेली नाही. मायासुद्धा ती मोजूनच करत असावी, असा लग्नानंतरची पहिली दोन वर्षे माझा समज होता. मेंदूतल्या गाठीच्या पेशी काचेच्या बशीत वाढवायच्या, त्यांवर चांदीचे अतिसूक्ष्म कण वेगवेगळ्या मात्रांत सोडायचे आणि काय होते ते पाहायचे, हे तिचे संशोधन. ते प्रयोगशाळेत थांबले असते तर आमची तक्रार नव्हती. पण यंत्रमागांनी गजबजलेल्या उधन्यातल्या आमच्या तीन खोल्यांत कोणी तिखट सोसत नाही म्हटले, की ती शांतपणे विचारणार, "किती मात्रेपर्यंत?" तिला पाहायला आलेल्या मंडळींनी मुलगा फार शांत असल्याचे सांगितले, तेव्हाही तिने हेच विचारले. ती मंडळी बारडोलीला परत गेली ती गेलीच.

प्रयोगात काहीही न घातलेली एक बशी ठेवावी लागते, म्हणजे बाकीच्या बश्यांत फरक कशाने पडला ते कळते. हा नियम तिने स्वतःच्या केसांनाही लावला. जास्वंदीचे तेल घरी आले, तेव्हा दोन महिने ते तिने फक्त डाव्या बाजूला चोपडले. उजवी बाजू तुलनेसाठी. सासूबाईंनी तिच्या लग्नासाठी नवस बोलायचा म्हटले, तर आधी एक वर्ष न बोलता पाहू, असा हिचा प्रस्ताव. शिवाय एकदा दिसलेल्या गोष्टीवर तिचा विश्वास नाही. माझी पुरणपोळी चांगली झाली हे ती तिसरी पोळी संपल्यावरच मान्य करते.

पेशींची गोष्ट मात्र निराळी. माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नात मंगलाष्टके चालू असताना तिने आपल्या घामेजल्या अक्षता माझ्या मुठीत ओतल्या आणि ती निघाली. पेशींना जेवू घालायची वेळ झाली होती. "वहिनी, उपाशी राहिल्या तर त्या चांदीने मेल्या की भुकेने, हे मला कसं कळणार?" ज्यांना मारायचे, त्यांच्या जेवणाची इतकी काळजी वाहणारे माणूस मी दुसरे पाहिलेले नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. मूळचे धुळ्याकडचे, उभा जन्म यंत्रमागावर गेला. त्यांच्या डोक्यातली गाठ काढली होती, ती पुन्हा आली. एका सकाळी ते घासूनपुसून लख्ख केलेली स्टीलची डबी घेऊन वर आले आणि नणंदेकडे त्यांनी थोडे चांदीचे पाणी मागितले. सासूबाईंचे मत देऊन टाकावे असेच पडले. मिठाईवरचा वर्ख आपण खातोच की. तिने सरळ नाही म्हटले. मला राग आला. मोजमाप बाजूला ठेवायचीही एक वेळ असते, असे मी तिला सुनावले. दुसऱ्या दिवशी आपल्या सरांची परवानगी काढून ती काकांना आणि मला प्रयोगशाळेत घेऊन गेली.

तिथे स्पिरिटचा थंड वास होता. इतकी बारीक केलेली चांदी पांढरी राहत नाही. बाटलीत केशर भिजवल्यासारखे कोवळे पिवळे पाणी होते. काका माझ्या खांद्याचा आधार घेऊन सूक्ष्मदर्शकावर वाकले. निमुळत्या, लांबट पेशी एकमेकींना बिलगून पसरल्या होत्या. मागावरचा उभा ताणा तुटल्यावर सूत असेच पसरते, ते म्हणाले, आणि बराच वेळ पाहत राहिले.

मग तिने त्यांना सोप्या शब्दांत सांगितले. अगदी थोड्या मात्रेला या पेशी मरत नाहीत, उलट काहीच न दिलेल्या बशीपेक्षा जास्त वाढतात; तिने तीनदा करून पाहिले होते. भरपूर दिले की मरतात, पण तेवढीच मात्रा दिलेल्या शेजारच्या बशीतल्या चांगल्या पेशीही त्यांच्याबरोबर जातात.

"अन् मधल्यात?" काकांनी विचारले.

"ती मात्रा अजून सापडली नाही, काका."

त्यांनी रिकामी डबी खिशात ठेवली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शोध मंग. माले काही घाई नही, माय."

डॉक्टरांनी किती महिने सांगितले होते, ते त्या खोलीत आम्हां तिघांनाही ठाऊक होते. तिने सूक्ष्मदर्शकाचा दिवा मालवला आणि आमच्याकडे पाठ करून ती कितीतरी वेळ नळाखाली हात धूत राहिली.