पत्र्यावरचा हात

गाडीचे हिसके आणि खडखडाट थांबले नाहीत तर ती विकायची, असं पप्पांनी ठरवलं होतं. म्हणून आमची जुनी एसयूव्ही मी समुद्राजवळच्या भुईगावातल्या एका मेकॅनिककडे नेली. त्यांनी किल्ली घेतलीच नाही. मला गल्लीत हळू चालवायला लावलं आणि पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर हात ठेवून ते बाजूने चालत राहिले.

"तुम्हीच चालवा ना," मी म्हणाले.

"मी बसलो की ती शहाण्यासारखी चालते, बाय. तुझ्या पायाखाली काय करते ते बघू दे."

फेरी संपल्यावर त्यांनी उघडून दाखवलं: इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटलमध्ये काजळी साचली होती, चाकाचे धक्के झेलणारा सस्पेन्शनचा रबरी बुश फाटला होता. दोन्ही कामं झाल्यावर त्यांनी पुन्हा तशीच फेरी मारायला लावली. गाडी अडखळली नाही, गतिरोधकावर खडखडलीही नाही. ते मध्येच थांबले आणि हातानेच 'जा पुढे' म्हणाले. मी समुद्रापर्यंत गेले. तिथूनच पप्पांना फोन करून सांगितलं, गाडी विकू नका.

मेकॅनिकच्या तळहाताला नेमकं काय कळत होतं, हे मात्र विचारायला धजले नाही.