पडेल त्यानं माती खणायची

आमच्या पडेगावच्या तालमीत एक रीत आहे. संध्याकाळी ज्याची पाठ मातीला लागली, त्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन आखाडा खणायचा. दीपमाला आली तेव्हापासून फावडं तिच्याच हातात. पोरगी पन्नास किलोची, आणि जोडीला सगळे पोरगे. त्यातला ऋतुराज नव्वदचा, बिडकीनला कारखान्यात पोती उचलून दगड झालेला. गावातली दुसरी एकही मुलगी कुस्तीला येत नाही, मग ती तरी कुणाशी लढणार? मी शेजारी. दूध आणायला जाता-येता कट्ट्यावर टेकायचो आणि तिचे हाल बघून वस्तादांवर मनातल्या मनात चिडायचो.

बन्सी वस्तादांनी तर अटच घातली होती. "जिल्ह्याच्या निवड चाचणीला मी स्वतः नेतो तुला. पण आधी ऋतुराजची पाठ लाव. तिथं कुणी लाड करणार नाय."

दीपमालाचा सगळा जीव त्या चाचणीत.

एका संध्याकाळी तिनं ऋतुराजचा पाय धरला आणि हा गडी धपकन उताणा. पोरांनी टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या. वस्तादांनी मात्र तिचा हात वर केला नाही.

सकाळी बघतो तर आखाडा दीपमालाच खणतेय आणि ऋतुराज समोर अवघडून उभा.

"दे इकडं. काल मी पडलो ना."

"तू पडला नाय, बसला. रोज तुझं वजन अंगावर घेते मी. काल ते कुठं गेलतं, कळत नाय व्हय मला?"

"तुझं काम व्हावं म्हणून..."

"माझं काम माझं मी करीन."

ऋतुराज ओशाळला. चांगुलपणा करायला गेला आणि तोंडावर पडला बिचारा. त्यानंतर मात्र त्यानं दया दाखवली नाही. ती पायाला वाकली की हा आख्खा तिच्या पाठीवर कोसळायचा आणि तिचं तोंड मातीनं भरायचं. तिच्या आईला, सारजाबाईंना, मी म्हणालो, आवरा हिला. त्या म्हणाल्या, "तुम्हीच सांगा. माझं लई ऐकती व्हय ती?"

पुढं एका संध्याकाळी ती पुन्हा पायाला वाकली. आता हा कोसळणार म्हणून मी तोंड फिरवणार, तेवढ्यात दिसलं, की तिनं पाय धरलाच नव्हता. सवयीनं अंगावर आलेल्या ऋतुराजचा हात तिनं खांद्यावर ओढला, कंबर खाली घातली आणि वळली. नव्वद किलो आपल्याच जोरानं तिच्या खांद्यावरून पलीकडं गेले. ती छातीवर. ऋतुराजनं मान फुगवली, टाचा रोवल्या, सगळी ताकद लावली, पण खांदे सुटेनात. वस्तादांनी गुडघ्यावर बसून नीट बघितलं आणि दीपमालाचा हात वर केला. माझी दुधाची किटली लवंडली. घरी बोलणी खाल्ली, पण मजेत खाल्ली.

सकाळी दीपमाला सवयीनं लवकरच आली. अर्धा आखाडा खणून झाला होता. घामाघूम ऋतुराजच्या हातातलं फावडं घ्यायला तिनं हात पुढं केला, तर त्यानं ते मागं ओढलं.

"हात लावायचा नाय. काल खरंच पडलो मी."

दारातून वस्ताद म्हणाले, "दीपमाला, बॅग भरून ठेव. चाचणीला निघायचंय."

आमची पैलवान आखाड्याच्या काठावर बसली आणि सगळ्यांदेखत रडली. ऋतुराजनं उरलेली माती एकट्यानं खणली.