दोन चक्कर हातानं

साकोली रोडवरच्या मिस्त्रीकाकाचं नाव मले आजही माहीत नाही, पण त्यायच्या खिशात गुलाबी नेलपॉलिशची बाटली असते हे पक्कं माहीत आहे! इंजिनच्या टायमिंगच्या खुणा ते त्यानंच रंगवतात. चाकाचे दाते मोठ्यानं मोजतात, आणि मधात कोणी बोललं का पुन्हा एकपासून सुरू.

त्या शनिवारी आईची स्कूल व्हॅन त्यायच्याकडे होती. पूर्ण इंजिन खोलून नवीन बांधलं होतं. सोमवारी गाडी नाही गेली तर जवाहरनगरचे पालक दुसरी व्हॅन लावणार होते. वरचं-खालचं चाक जोडणारा टायमिंगचा पट्टा चढला, तशी आई म्हणे, "भाऊ, मारू का सेल्फ?"

"थांबा ना ताई. आधी दोन चक्कर हातानं."

त्यायनं पाना लावून इंजिन हळूहळू फिरवलं. दोन चक्कर झाले. खालची खूण बरोबर जाग्यावर, अन् वरची एक दाता मागे!

आई रडकुंडीले आली. "एवढ्यानं काय होते भाऊ? चालू त होईल ना?"

"होईल. पण लेकरं बसले असताना रस्त्यात बंद पडली त? मीच चुकलो बाप्पा. पट्टा चढवताना वरचं चाक सरकलं. खोलतो."

आमाले कुठं कळलं असतं! पण त्यायनं सगळं खोललं, पुन्हा बसवलं, पुन्हा दोन चक्कर. दोन्ही खुणा जाग्यावर! सेल्फ मारला अन् पहिल्याच झटक्यात चालू!

मी त टाळ्याच वाजवल्या. काकानं इंजिनच्या झाकणावर हात ठेवून डोळे मिटले, थोडा वेळ आयकलं, अन् म्हणले, "लावा ताई, पालकायले फोन."