काकाच्या नावाचा मासा

माझा काका संग्रहालयाच्या तळघरात दगडातले मासे मोकळे करायचा. कोट्यवधी वर्षांपूर्वीचे मासे. कवटी जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढी. भिंगाखाली सुई धरून तो दगड कणाकणानं उडवायचा. म्हणून घरीदारी त्याचं नाव पडलं टोच्या.

या माशांचा वरचा जबडा गालाच्या हाडाला पक्का जोडलेला. पुढच्या वंशजांत तो सुटा झाला आणि मासे तोंड पुढे काढून भक्ष्य ओढून घ्यायला शिकले. काकानं हे जेवताना सांगितलं, तेव्हा काकू म्हणाली, "तुमचा अजून जोडलेलाच आहे. बाईंसमोर उघडतो का कधी?"

बाई म्हणजे त्याच्या साहेब. तुमच्या निवृत्तीआधी एका माशाला तुमचं नाव देईन, असं त्यांनी कबूल केलं होतं. काकाला मूलबाळ नाही. निदान नाव लावणारा मासा तरी असावा, एवढीच हौस. त्यासाठी तो कवट्या आतूनही कोरायचा. मेंदूच्या पोकळीतला चिखल काढून घासलेल्या वाटीसारख्या लख्ख करायचा. "असं काम कुणाला जमत नाही," बाई म्हणायच्या.

मग दगड न फोडता आतलं दाखवणारं स्कॅनचं यंत्र आलं. काकाचा हात न लागलेली एक कवटी त्यात घातली. पडद्यावर पोकळीत इवलासा गोळा दिसला. त्यातून डोळ्यांकडे दोन दोरे गेलेले. चिखल नव्हता तो. मेंदू होता, दगड झालेला.

बाई वळल्या. "बाकीच्या कवट्यांतलं?"

"काढलं."

"सगळ्यांतलं?"

"एकदम लख्ख," काका म्हणाला. सवयीनं, थोडा अभिमानानंच.

मेंदूवाल्या माशाला बाईंनी आपल्या गुरूंचं नाव दिलं. पण बाई शब्दाच्या पक्क्या. निवृत्तीच्या दिवशी दालनात दुसऱ्या जातीचा मासा मांडला, काकाच्या नावाचा. आम्ही सगळे नटूनथटून गेलो. काकूनं काचेवर बोट ठेवून पाटी मोठ्यानं वाचली, नावाखालच्या ओळीसकट: "मेंदू उपलब्ध नाही. साफसफाईत नष्ट."

"अगंबाई," ती म्हणाली, "लग्नापासून मी वेगळं काय सांगत होते?"

सगळे हसले, बाईसुद्धा. काकाचा जबडा जोडलेलाच. काचेवर काकूच्या बोटाचा डाग उमटला होता. खिशातून रुमाल काढून त्यानं तो पुसला, लख्ख होईस्तोवर.