आप्पारावने बसवलेला जेट पंप

मांजरसुंब्याला माझं लेथचं वर्कशॉप आहे. आप्पाराव पाटोद्याकडच्या एका साखर कारखान्यात फिटर होता. शाळा दहावीपर्यंतच, पण पाण्याचा दाब, पाइपाचा व्यास आणि चढ कळला की नोझल किती मिलिमीटरचं हवं, ते तो माझ्या शटरवर खडूने मांडायचा. मी तसं कातून द्यायचो आणि ते चालायचं.

कारखान्यात अठरा फूट खोल खड्डा होता. धुण्याचं पाणी, उसाचा भुसा, गाळ सगळं त्यात जायचं. गाळाने मोटारी जळायच्या, मग कढत पाणी निवलं की माणसं उतरवून बादल्यांनी उपसा करावा लागे. आप्पारावला ते बघवत नसे. त्याने खड्ड्याच्या काठावर जेट पंप बसवायचं ठरवलं. अरुंद नोझलमधून पाण्याचा जोरदार झोत सोडायचा, त्याच्या ओढीने खड्ड्यातलं पाणी दुसऱ्या नळीतून वर येतं.

"यात फिरणारं काहीच न्हाई," तो मला म्हणाला. "मग जळंल काय?"

गाळप सुरू होण्याआधी चाचणी झाली. खड्ड्यात टँकरचं पाणी भरलं होतं. तासाभरात तळ दिसला. शिरूर कासारचा म्हाळू नावाचा मजूर सगळ्यात जास्त वेळा खाली उतरलेला. तो कुणी न सांगताच शिडी उचलून गोदामात ठेवून आला.

हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमारास, पंपाने पाणी ओढणं सोडलं. दाब बरोबर होता, पाइपात गळती नव्हती.

"खाली नळीच्या तोंडाची जाळी तुंबली असंल," आप्पाराव म्हणाला आणि वरचा व्हॉल्व्ह बघायला गेला.

म्हाळूने शिडी आणली, लोखंडी गज घेतला आणि उतरला. पाणी निवलं नव्हतं, खाली वाफ कोंडलेली होती. त्याचा जीव गुदमरला आणि तो त्या कढत पाण्यात पडला. बाहेर काढला तेव्हा त्याच्यात जीव उरला नव्हता.

नंतर जाळी काढून पाहिली, तर ती स्वच्छ होती.

दहाएक दिवसांनी आप्पाराव एक छोटा जेट पंप आणि पारदर्शक नळी घेऊन माझ्याकडे आला. पंप आम्ही वर्कशॉपच्या छपराच्या पत्र्यावर बांधला, खाली पिंप ठेवलं. गार पाणी सरळ वर आलं. मग त्याने पिंपात उकळतं पाणी ओतायला लावलं. नळीत नुसते बुडबुडे उठले. पाणी अर्ध्यावर येऊन थरथरत राहिलं.

"वढ लागली की गरम पान्याची नळीतच वाफ व्हती," तो म्हणाला. "येवढ्या उंचीवर ते येनारच न्हवतं. मी गार पान्यावर माप काढलं."

"पानी गरम असंल, हे तुला कुनी सांगितलं व्हतं का?" मी विचारलं.

"बावीस वर्सं हाय मी तिथं. मला कोन सांगायला पायजे?"

दुसऱ्या दिवशी तो चीफ इंजिनिअर अभिमन्यू साहेबांकडे गेला. म्हाळू न विचारता उतरला, असा अहवाल तोवर गेलेला होता. साहेबांनी त्याला गप्प बसायला सांगितलं. आप्पारावने घरी बसून दोन पानं लिहिली: माप माझं चुकलं, जाळीचं मीच म्हणालो. ती पानं त्याने ऑफिसात दिली. महिन्याभरात त्याच पानांच्या आधारे त्याला कामावरून काढलं.

मग तो शिरूरला म्हाळूच्या बायकोकडे, दगडाबाईकडे गेला. मी सोबत होतो. त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं. ती ज्वारी निवडत होती.

"दिवाळीला हे घरी आलते तवा म्हनले," ती म्हणाली, "आप्पारावनं मशीन बसवलंय, आता खड्ड्यात उतरायचं न्हाई. लई खूश व्हते." मग तिने विचारलं, "तुमी कशाला आलात दादा? आता मी कुनाला बोल लावू?"

तिने पाणी दिलं, ते त्याने घेतलं, आणि आम्ही निघालो.

त्या दोन पानांच्या मागे त्याने एक आकृती काढली होती. जेट पंप वर न ठेवता खड्ड्याच्या तळाशी बुडवायचा, म्हणजे पाणी ओढावं लागत नाही, नुसतं ढकलावं लागतं. पुढच्या हंगामाआधी कारखान्याने गुपचूप तसंच केलं. नोझल माझ्याकडूनच कातून नेलं. ते चालतं, कुणी खाली उतरत नाही. हे मी आप्पारावला सांगितलं. तो आता पाटोद्याच्या बाजारात फवारणीचे पंप दुरुस्त करतो. मान वर न करता त्याने विचारलं, "यंदा खाली बसवलं व्हय?" आणि हातातला वॉशर पुन्हा घासायला लागला.