दंतवैद्यांची खचलेली खुर्ची

मंगळवार, १४ मे. सकाळी ढगाळ, दुपारी कडक ऊन. स्वयंपाकघरातला नळ अखेर बदलला. लेकाकडे दंतवैद्यांची आरामखुर्ची दुरुस्तीला आली. सून दुपारीच घरी परतली, जेवली नाही. रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागत नाही, हे रोज लिहायचाही आता कंटाळा आला.

एवढं लिहून सासूबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि आतल्या खोलीचा कानोसा घेतला. सून उशीवर गुद्दे मारत होती.

सून एका प्रयोगशाळेत रक्त काढायचं काम करायची. सुई इतकी अलगद, की एक आजोबा म्हणाले होते, "पोरी, मुंगी चावली की काय?" तेव्हापासून तिचं नाव मुंगी पडलं. सुई म्हटलं की घाम फुटणारे धिप्पाड गडी, रुसून बसलेल्या शिरांच्या म्हाताऱ्या, रडून गोंधळ घालणारी पोरं, सगळ्यांना मुंगीच हवी असायची. बाकावर ताटकळत बसायचे, पण दुसऱ्या कुणाला हात देत नसत.

सहावा महिना लागला आणि झोपेने घरच सोडलं. उताणं झोपलं की धाप लागे. डाव्या कुशीवर वळावं तर छातीत जळजळ. जरा डुलकी लागतेय तोच पोटरीत गोळा, नाहीतर बाथरूमकडे धाव. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, मनाने झोपेच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत असं बजावलं आणि म्हणाल्या, "बाकी सगळं उत्तम आहे." ते ऐकून मुंगीचा तिळपापड झाला.

त्या मंगळवारी एका आजींच्या दंडाला पट्टी बांधून ती बसली, दोनदा टोचलं, शीर काही सापडेना. आजीच उलट तिची समजूत घालायला लागल्या, हे तिला जास्त लागलं. प्रयोगशाळेच्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "काउंटरवर बस काही दिवस. झोप नीट व्हायला लागली की सुई तुझीच."

"तुझीच म्हणे!" घरी आल्यावर तिने पर्स आपटली. "आई, एकदा का मी काउंटरला चिकटले, की बाळंतपणानंतरही तिथेच. नावं लिहा, पावत्या फाडा. तोवर सुई दुसरीच्या हातात गेलेली असेल."

सल्ल्यांना तर ऊत आला होता. कुणी कोमट पाण्यात पाय बुडवायला सांगितलं, कुणी उलटे आकडे मोजायला. नणंदेचा फोन आला, "वहिनी, आत्ताच झोपून घे गं, नंतर बाळ कुठलं झोपू देतंय!"

"मग आत्ता का झोपू देत नाहीये ते, तेवढं विचारून सांगा ताई," मुंगी म्हणाली आणि फोन सासूबाईंच्या हातात देऊन निघून गेली.

सासूबाईंचा स्वतःचा एक उपाय होता. त्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात वाढलेल्या. तिथे घंटा झाली की दिवे बंद, हात पांघरुणावर, तोंडातून शब्द नाही, आणि झोप येई. बुधवारी त्यांनी सुनेचा मोबाईल कपाटात ठेवला, पडदे ओढले, लेकाला शिंकायचीही बंदी केली. सकाळी मुंगी लाल डोळ्यांनी बाहेर आली.

"आई, मी तुमच्या वसतिगृहातली मुलगी नाहीये. रात्रभर मी अंधारात फक्त तुमचा राग राग केला."

सासूबाईंना उलट उत्तराची सवय नव्हती. त्या दिवशी चहाचे कप जरा जोरातच धुतले गेले.

मुंगीचा नवरा सोफे-खुर्च्या दुरुस्त करायचा. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान: गोणपाटाचे तागे, काथ्या, स्प्रिंगांचं टोपलं, सरसाचा वास. गुरुवारी कामावरून आल्यावर मुंगी त्याला चहा द्यायला गेली आणि जागा नाही म्हणून दंतवैद्यांच्या खुर्चीत टेकली. खुर्चीची बैठक पार खचली होती. पट्टे तुटून मधोमध खळगा पडला होता, पाठ मागे कलली होती. त्या खळग्यात ती अशी काही रुतली, की पोटाचं ओझं कुणीतरी हातावर झेलल्यासारखं झालं. बोलता बोलता तिचं वाक्य अर्धंच राहिलं.

सासूबाई बघायला गेल्या तर लेक हातोडी हवेत धरून उभा.

"आई, ठोकू का नको?"

"ठोकून तर बघ!"

त्या दिवसापासून रात्रीही ती तिथेच. गोळे येत, बाथरूमच्या फेऱ्या होत, पण परत येऊन बसली की झोप लागे. शनिवारी तिने घरी येऊन सांगितलं, "सोमवारी सकाळी डॉक्टर स्वतःचा हात पुढे करणार आहेत. एका टोचण्यात रक्त आलं, की सुई परत." बऱ्याच दिवसांनी तिने सासूबाईंच्या ताटात स्वतःहून वाढलं.

रविवारी संध्याकाळी लेकाने तिला हाताला धरून दुकानात नेलं. "डोळे मीट. आता बस."

ती बसली आणि खुर्चीने तिला अलगद वर उचललं. ताठ. एखाद्या मुलाखतीला आल्यासारखं.

"हे काय केलंस?"

"नव्या स्प्रिंगा, नवे पट्टे! मोडक्या खुर्चीत तुला एवढी छान झोप लागते, म्हटलं नीट केल्यावर काय लागेल! उद्या दंतवैद्य ती न्यायला येणार, शेवटची रात्र तरी राजेशाही..."

"राजेशाही!" मुंगीचा आवाज चिरला. "उद्या सकाळी माझी परीक्षा आहे आणि तू आज ही खुर्ची दुरुस्त केलीस?"

"दुरुस्तीलाच आली होती ना ती!"

"मग पुन्हा बिघडव!"

"गिऱ्हाइकाची खुर्ची बिघडवू? वेडबिड लागलंय का?"

"झोप नसली की लागतं!" ती तिथेच स्टुलावर बसून रडायला लागली. रडताना छातीत जळजळायला लागलं, तेव्हा आणखी चिडून रडली.

सासूबाई दारात उभ्या होत्या. लेकाचंही खोटं नव्हतं, खुर्ची परक्याची. त्या दिवाणखान्यात गेल्या. तिथे लेकाने लग्नात स्वतःच्या हाताने केलेला सोफा होता. गिऱ्हाइकांना तो नमुना म्हणून दाखवायचा, त्यावर कुणाला पाय घेऊन बसू द्यायचा नाही. सासूबाईंनी तो कसाबसा आडवा पाडला, खालचं कापड उसवलं आणि शिवणाची कात्री पट्ट्यांना लावली.

लेक धावत आला. "आई! अगं, काय करतेस?"

"खळगा."

"अगं, पण तो पट्टा नको, तो कापलास तर सगळंच खाली येईल! मागचा काप. दे इकडे." त्याने कात्री हिसकावली आणि मग ती हातात धरून नुसताच बसला. चांगलं काम मोडायचं त्याच्या जिवावर आलं होतं. दुकानातून नाक शिंकरल्याचा आवाज आला, तशी त्याने कात्री चालवली.

मग सोफा सरळ उभा केला आणि मापं सुरू झाली. मुंगी बसणार, तो खाली वाकून पट्टा सैल करणार.

"अजून खाली."

"एवढं?"

"पाठ मागे जायला हवी. छे, आता कमरेत टोचतंय. तुला काही जमत नाही."

"बिघडवायचं काम पहिल्यांदाच करतोय बाई, सवय नाही."

शेवटी पाठीमागे दोन उशा गेल्या, पायाखाली स्टूल आलं. "नाही लागणार झोप," मुंगी म्हणाली. "सांगून ठेवते. खुर्चीची मजा याला नाही. आणि सकाळी माझा हात थरथरला ना, तर तुम्हा दोघांनाही..."

पुढचं काही आलं नाही. लेक सोफ्याखालीच आडवा होता, त्याच्या नाकाशी गोणपाटाची धूळ. शिंक आवरताना त्याचा चेहरा जांभळा झाला. सासूबाईंनी दिवा मालवला आणि वही घेऊन त्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या.

रविवार, १९ मे. दिवाणखान्यातल्या सोफ्याचे दोन पट्टे कापले. पाहुण्यांना उजव्या बाजूला बसवावे. शिवणाची कात्री बोथट झाली, धार लावायला द्यायची आहे.